एमजीबी घेताना इंजिन ऐकू नका, पत्रा वाजवा

गंजलेली जुनी स्पोर्ट्स कार आणायची आणि घरीच दुरुस्त करून उभी करायची, हे खूळ एकदा डोक्यात शिरलं की कुणी समजावून उपयोग नसतो. मी तो प्रयत्नही करत नाही. कोणती घेऊ, एवढंच कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: एमजीबी, एमजी या ब्रिटिश कंपनीची छोटी स्पोर्ट्स कार. माझ्याकडे १९७१ची आहे, क्रोम बंपरवाली, उघडी रोडस्टर. घेतली तेव्हा ती पहिल्या झटक्यात सुरू व्हायची, इंजिन गोड वाजायचं, आणि तरीही ती रस्त्यावर न्यायच्या लायकीची नव्हती. शून्य ते शंभर किती सेकंदांत, असलं काही इथे मिळणार नाही. प्रोजेक्ट म्हणून ही गाडी कशी आहे, कुठे रडवते, तिच्यात काय बदलावं आणि कशाच्या वाटेला जाऊ नये, तेवढंच लिहिते.

आधी ओळखीपुरतं. एमजीबी १९६२ साली आली. तिच्या आधीच्या एमजीएला वेगळी चासी, म्हणजे खालचा पोलादी सांगाडा, होती आणि तिच्यावर बॉडी चढवलेली असायची. एमजीबीला चासी नाही. पत्रे एकमेकांना जोडलेत आणि गाडीची सगळी ताकद त्या जोडणीत आहे. १९८०पर्यंत रोडस्टर आणि बंद टपाची जीटी मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या. इंजिन १७९८ सीसी, ओतीव लोखंडाचं, दोन एसयू कार्ब्युरेटर, सुरुवातीला ९५ हॉर्सपॉवर. मागे पाटे आणि सलग अ‍ॅक्सल, पुढे कॉइल स्प्रिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर लीव्हरचे. बाजारात आली तेव्हाही यातलं फारसं काही नवं नव्हतं. घरी काम करणाऱ्याच्या मात्र हेच पथ्यावर पडतं. साधा पाना, जॅक आणि धीर असला की यातला प्रत्येक भाग खोलता येतो आणि परत बसवताही येतो.

पण चासी नाही, ही गोष्ट विसरू नका. रोडस्टरला पत्र्याचा टपही नाही, नुसता कापडी आहे. म्हणजे गाडी मधोमध वाकू नये म्हणून जो जोर लागतो तो दोन सीटांमधला, गिअरबॉक्सवरचा पत्र्याचा बोगदा आणि दरवाजांखालून लांबीभर जाणाऱ्या पत्र्याच्या दोन पोकळ पेट्या, म्हणजे सिल, एवढेच पेलतात. आणि ही गाडी नेमकी सिलमध्येच गंजते.

सिल बाहेरून दिसतो एकच, पण आत तीन पत्रे आहेत. बाहेरचा गोलसर पत्रा, मधे उभा पडदा, मग आतला पत्रा, आणि या सगळ्यांच्या बुडाशी खाचा असलेली एक पट्टी. आत शिरलेलं पाणी त्या खाचांतून खाली पडावं अशी मूळ योजना. कल्पना चांगली होती. पण पुढचं चाक जो चिखल उडवतं तो मडगार्डच्या आत, चाकामागे जाऊन बसतो. तिथे एक आडवा पत्रा आणि त्याला रबराची पट्टी असते. रबर कडक होऊन तुटलं की चिखल थेट सिलच्या डोक्यावर साचतो आणि महिनोन्‌महिने ओला राहतो. त्यात काचेखालच्या जाळीतून आत जाणारं पावसाचं पाणी ज्या नळीने बाहेर पडतं ती पानांनी तुंबली, की ते पाणी हीटरखाली आणि पाय ठेवायच्या जागेत उतरतं. मागे, सीटच्या पाठीशी, फरशीत बसवलेले बॅटरीचे खोके. माझ्या सालच्या गाडीत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. अ‍ॅसिड आणि चिखल दोन्ही तिथे. म्हणजे पुढून, मधून, मागून, तिन्हीकडून तयारी.

म्हणून गाडी बघायला गेलात की विकणारा बॉनेट उघडून इंजिन ऐकवायला लागेल, त्याला ऐकवू द्या. तुम्ही स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन खाली वाका. सिलवर, दरवाजाच्या पुढच्या खांबाच्या बुडाशी, मागच्या चाकाच्या अलीकडे, सगळीकडे टकटक करा. चांगला पत्रा टणटण बोलतो. पुट्टी किंवा कुजका पत्रा थप्प करून गप्प बसतो. मग मालकाची परवानगी घेऊन सिलच्या जॅक लावायच्या जागी गाडी उचला आणि दरवाजाच्या फटीकडे नजर ठेवा. फट कमी-जास्त व्हायला लागली, किंवा दरवाजा अडकला, तर सिल नावापुरताच आहे. जॅकच आत घुसला तर उत्तर आणखी लवकर मिळालं.

चुंबक न्या, पण एक लक्षात ठेवा. पहिल्या काही वर्षांच्या एमजीबींचं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं आहे. तिथे चुंबक चिकटत नाही म्हणून ‘अख्खं बॉनेट पुट्टीचं!’ असं ओरडणारे मी पाहिलेत.

माझ्या गाडीचे सिल बाहेरून आरशासारखे होते. ताजा रंग, सरळ रेघ. मूठ मारली तर थप्प. ग्राइंडरने वरचा पत्रा कापला तर त्याच्या आत जुना सिल तसाच होता, तपकिरी, पापुद्रे सुटलेला, हाताने ओढला तरी बिस्किटासारखा मोडणारा. म्हणजे कुणीतरी कुजक्या सिलवर नवा पत्रा टोपीसारखा चढवून कडेने वेल्डिंग केलं होतं. आणि मधल्या पोकळीत फवारायचा फोम भरला होता, जो फुगून कडक होतो. तो फोम बोटाने दाबला तर पाणी आलं. गाडी तेव्हा कितीतरी दिवस छपराखाली उभी होती. बुडाच्या त्या खाचा? काळ्या डांबरी लेपाने नीट बुजवलेल्या. पाणी बाहेर जायची एकुलती एक वाट कुणीतरी गंज थांबवायचा म्हणून बंद केली होती.

आमचे वेल्डर काका हे बघून काही बोलले नाहीत. चष्मा पुसला आणि म्हणाले, “ताई, आता मोजमाप घ्या. कापायचं नंतर.”

तो सल्ला सोन्याचा. सिल कापण्याआधी गाडीला आधार दिला नाही, तर ती मधे बसते, आणि तुम्ही बसलेल्या आकारातच नवा सिल जोडून ठेवता. मग दरवाजा जन्मभर नीट लागत नाही. आम्ही स्टँड चाकांच्या रेषेत ठेवले, पुढे क्रॉसमेंबर नावाच्या आडव्या तुळईखाली आणि मागे अ‍ॅक्सलखाली, म्हणजे वजन नेहमी जिथे असतं तिथेच राहिलं. दरवाजाच्या पुढच्या आणि मागच्या खांबांमध्ये आतल्या बाजूने चौकोनी पाइप लावला, जेणेकरून दरवाजा टांगून बघता येईल. एका वेळी एकच बाजू. आतून बाहेर यायचं: आधी फरशी, बुडाची पट्टी आणि आतला पत्रा, मग मधला पडदा, शेवटी बाहेरचा. प्रत्येक पत्रा आधी क्लॅम्पने धरायचा, चार टाके मारायचे, दरवाजा लावून फट बघायची, मगच पक्कं. दरवाजा काढला-घातला, काढला-घातला, माझा भाऊ शेवटी म्हणाला की बिजागऱ्या माझ्यापेक्षा त्याला जास्त ओळखतात.

आणखी एक. बाहेरचा सिल पुढच्या आणि मागच्या मडगार्डखाली जातो. पुढचं मडगार्ड बोल्टचं आहे, काढता येतं. मागचं वेल्ड केलेलं, त्याचा खालचा भाग कापावाच लागतो आणि नंतर नवा तुकडा जोडावा लागतो. हे टाळून जो फक्त दरवाजाखाली दिसतो तेवढाच सिल बदलून देतो, तो तुम्हाला रंगवलेलं खोटं विकतोय. दुरुस्त केलेली एमजीबी विकत घेणार असाल तर काम चालू असतानाचे फोटो मागा. फोटो नसतील तर सिल बदलले नाहीत असं समजून भाव करा.

वेल्डिंगबद्दल फार शिकवत नाही, कारण ते वाचून येत नाही. पातळ पत्र्याला ०.६ मिमीची तार, आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडच्या मिश्रणाचा सिलिंडर, आणि एका दमात लांब रेघ ओढायची नाही. इथे एक टाका, तिथे एक टाका, मधे पत्रा गार होऊ द्यायचा, नाहीतर तो पापडासारखा वळतो. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड होते तिथे वरच्या पत्र्याला भोक पाडून ते भरायचं. पण एक धोका सांगायलाच हवा. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पत्रा पुसून त्यावर वेल्डिंग केलं तर फॉस्जीन वायू तयार होऊ शकतो, आणि तो थोडासाही जिवावर बेततो. डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. शंका असेल तर तो डबा वेल्डिंगच्या खोलीत आणूच नका.

गंज घालवायच्या रसायनांवर लोकांचा इतका विश्वास का असतो, मला कळत नाही. फॉस्फोरिक किंवा टॅनिक अ‍ॅसिडवाला कन्व्हर्टर वरवरच्या गंजाला उत्तम. लाल पृष्ठभाग काळा पडतो, घट्ट बसतो, त्यावर एपॉक्सी प्रायमर मारता येतो. माझ्या बोगद्याच्या वरच्या बाजूला आणि डिकीच्या फरशीला मी तोच वापरला आणि समाधानी आहे. पण पापुद्रे सुटलेल्या गंजात तो आतपर्यंत पोचतच नाही. वरचा थर काळा होतो, खालचा आपलं काम करत राहतो. दोन पत्र्यांच्या जोडात तर त्याचा काहीच भरवसा नाही. तिथे कापणं हाच उपाय. छोटे सुटे भाग, म्हणजे ब्रॅकेट, बिजागऱ्या, पेडल, यांना मी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात वीज सोडून साफ करते. कंटाळवाणं पण अचूक. चांगल्या धातूला धक्का लागत नाही. दुसऱ्या टोकाला साधं लोखंडच लावा. स्टेनलेस स्टील लावलं तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर करा, जवळ ठिणगी नको.

सगळं जोडून झाल्यावर, रंगानंतर, पोकळ्यांमध्ये मेण फवारायचं. लांब नळीने, प्रत्येक भोकातून, बुडाच्या खाचांतून ते टपकेपर्यंत. या पूर्ण कामात मेहनतीच्या मानाने सर्वात जास्त फळ देणारी गोष्ट हीच, आणि नेमकी हीच सगळे विसरतात, कारण तोवर गाडी चालवायची घाई झालेली असते.

आता एमजीबीचं खरं सुख: सुटे भाग. स्क्रूपासून टपाच्या कापडापर्यंत जवळपास सगळं नवं मिळतं. नुसते भाग काय, १९८८पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने मूळ साच्यांवर अख्ख्या नव्या बॉडी बनवायला सुरुवात केली. तुमची गाडी फारच गेलेली असेल तर नवी बॉडी घेऊन जुन्या गाडीचे अवयव तिच्यात घालणं, हा मार्ग खरोखर आहे. इतक्या जुन्या किती स्पोर्ट्स कारबद्दल हे म्हणता येईल?

अर्थात ‘मिळतं’ आणि ‘बसतं’ यात फरक आहे. मी मागवलेल्या नव्या मडगार्डची भोकं बोल्टशी जुळायला कानस चालवावी लागली. रबराचे काही भाग तर लावून वर्ष व्हायच्या आत तडकले. कुणाकडून घेतले ते सांगत नाही, कारण तोच माल चार पिशव्यांतून चार नावांनी येतो. माझा नियम: मूळचा भाग साफ करून चालत असेल तर नवा घ्यायचा नाही. जुना गंजलेला ब्रॅकेट टाकून देण्याआधी नवा हातात घेऊन तोलून बघा.

वायरिंगची या गाड्यांच्या नावाने फार बदनामी आहे. माझं मत वेगळं. वायरी ठीक आहेत. जोड वाईट होतात. गोळीच्या आकाराच्या पिना रबरी बाहीत बसवलेल्या असतात, त्यांत ओल शिरते आणि हिरवट थर चढतो. त्यात बॉडीला जोडलेली अर्थची टोकं गंजलेल्या पत्र्यावर. माझा डावा इंडिकेटर लावला की मागचा दिवा मंद व्हायचा. नवं काही घेतलं नाही, फक्त अर्थची टोकं घासून चकचकीत केली आणि व्हॅसलीन लावलं. दोष गेला. १९६७च्या अखेरीपर्यंतच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं आहे, हे मात्र ध्यानात ठेवा, नाहीतर आधुनिक रेडिओ जोडताना धूर निघेल.

मॉडिफिकेशन. इथे मी थोडी कडवट आहे, आधीच सांगते. बहुतेक लोक सुरुवात रुंद चाकांनी आणि मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरने करतात. खालचा सिल तसाच. या गाडीला खरोखर उपयोगी पडणारे बदल बाहेरून दिसत नाहीत. हेडलाइटला रिले, म्हणजे छोट्या करंटवर चालणारा विजेचा स्विच, लावा. मूळच्या रचनेत हेडलाइटचा सगळा करंट स्विचांतून जातो आणि त्या वाटेवर फ्यूजही नसतो. रिले आणि फ्यूज टाकल्यावर तेच बल्ब कितीतरी उजळ लागले. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली बसणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावा, पण जुने पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत ठेवा. सिलिंडर हेड उघडलंच तर एक्झॉस्ट व्हाल्वच्या सीट कठीण धातूच्या बसवून घ्या. हे इंजिन शिशाच्या पेट्रोलच्या काळातलं आहे, ते शिसं सीटची झीज थांबवायचं. पेट्रोलच्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. स्वतःहून आवळणारे सीटबेल्ट लावा.

लीव्हरचे शॉक काढून टेलिस्कोपिक लावायची फॅशन आहे. मी लावले नाहीत. लीव्हरवाले दुरुस्त करून आणले, तेल भरलं, आणि गाडी नीट बसते. तुम्हाला लावायचे तर लावा, मी भांडणार नाही. गिअरबॉक्सबद्दल मात्र भांडेन. पाच गिअरचा नवा बॉक्स टाकायला लोक बोगदा कापतात. तुमच्या गाडीत लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह असेल तर कशाला? तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये एक छोटा स्विच खाली दाबायचा, क्लचला हातही लावायचा नाही, की इंजिनाचा आवाज एकदम खाली उतरतो आणि वेग तोच राहतो. मला हा स्विच दाबायला इतका आवडतो की कधीकधी गरज नसतानाही दाबते.

आणि व्ही८. रोव्हरचं ३५२८ सीसीचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन कंपनीनेच १९७३ ते १९७६ या काळात जीटीत घातलं होतं, अशा गाड्या अडीच हजारांच्या आसपास बनल्या. अ‍ॅल्युमिनियममुळे त्याचं वजन मूळच्या लोखंडी चार सिलिंडरच्या इंजिनाहून फारसं वेगळं नाही, म्हणून ही अदलाबदल कागदावर फार गोड दिसते. १९७४च्या अखेरीस रबरी बंपर आले, त्यानंतरच्या बॉडीत ते तुलनेने सहज बसतं. क्रोम बंपरवाल्या बॉडीत जागेसाठी झगडावं लागतं. पण इंजिन हा पहिला खर्च असतो, शेवटचा नव्हे. मग ब्रेक, मग रेडिएटर, मग मागचा अ‍ॅक्सल, मग सायलेन्सर. एका ओळखीच्यांच्या गाडीत बसले आहे. धावते सुंदर. पण ती आता वेगळीच गाडी आहे, आणि तिचे सिल मी वाजवून पाहिले, ते मला आवडले नाहीत. हे त्यांना मी सांगितलंही.

रबरी बंपरवाल्या गाड्या अमेरिकेतल्या कायद्यासाठी सुमारे दीड इंच उंच केल्या होत्या, त्यामुळे वळणावर त्या जास्त कलतात. तेवढी उंची परत कमी करणं हा एक बदल मी डोळे झाकून करेन. बंपरच काढून क्रोमचे लावणं म्हणजे पुढच्या-मागच्या पत्र्याची मोठी शस्त्रक्रिया. त्यापेक्षा आधीच क्रोमवाली घ्या, किंवा काळं रबर आवडून घ्या. सीटकव्हर, गालिचे, डॅशबोर्डचं लाकूड यावर लिहिण्यासारखं काही नाही. पैसे असले की होतं.

चालवायला कशी आहे? चावी फिरवली की मागे पेट्रोल पंप टकटकटक करतो, कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या की थांबतो. थांबलाच नाही तर गळती शोधा. स्टीअरिंग थांबलेल्या गाडीत जड, चालत्या गाडीत बोलकं. ब्रेकला सर्व्हो, म्हणजे पायाचा जोर वाढवणारं यंत्र, नसेल तर पाय घट्ट दाबावा लागतो. पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिनना ग्रीस वेळेवर द्या, इतकीच तिची खरी मागणी. पावसात कापडी टप गळतो, माझा डाव्या काचेच्या कोपऱ्यात. दुरुस्त दरवाजातून गळतो म्हणजे फटी बरोबर आहेत, असं काकांचं म्हणणं, यावर मी अजून विचार करतेय.

आणि हो, दरवाजाच्या छोट्या तिकोनी काचेखाली, बाहेरच्या पत्र्यात एक बारीक चीर पडते. जवळपास सगळ्यांच्या गाडीत पडते. तिच्यावर पुट्टी भरून रंगवली तर ती परत येते. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडायचं, वेल्ड करायचं, आणि आतून पत्र्याला आधार द्यायचा.

कुणी घ्यावी? ज्याला वेल्डिंग येतं, किंवा शिकायचंय, किंवा खात्रीचा वेल्डर माहीत आहे. कुणी घेऊ नये? ज्याला पुढच्या सुट्टीत ती चालवायची आहे. पहिलाच प्रोजेक्ट असेल तर रोडस्टरऐवजी जीटी बघा. टपामुळे तिची बॉडी ताठ राहते, सिल कापताना तेवढी धास्ती नसते, आणि बऱ्याचदा स्वस्तातही पडते. आणि समोर दोन गाड्या असल्या, एक गोड इंजिनाची आणि कुजक्या सिलची, दुसरी जाम झालेल्या इंजिनाची पण टणटण वाजणाऱ्या पत्र्याची, तर दुसरीच्या मालकाकडे आधी जा. इंजिन दोन माणसं आणि एक चेनब्लॉक लावून एका दुपारी बाहेर निघतं.